दाराजवळच्या वेली

१

दादांच्या ओळीतल्या दाराजवळच्या वेली माना टाकून तारेला लटकत होत्या. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती, फुलांचे झुबके सुकले होते आणि हिरव्या टोमॅटोंचे घोस मात्र काही झालंच नाही अशा थाटात जागच्या जागी होते. आत्यानं ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशी ती आग तिथं जाऊन-येऊन असायचीच. पिकांच्या नुकसानीची पाहणी करण्यात तिचा उभा जन्म गेला होता. गारपीट, टोळ, पूर, दुसऱ्याच्या शेतात मुद्दाम सोडलेली गुरं, सगळं तिनं बघितलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या कचेरीनं तिला शाल दिली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. उभ्या पिकावर हात टाकणाऱ्याला ती माणसात धरत नसे, आणि ते तोंडावर सांगायलाही तिला कधी जड गेलं नाही.

"हे बघ," तिचा भाचा, म्हणजे दादांचा थोरला, खाली वाकून दाखवत होता. वेल जमिनीवरून वर उठते तिथं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्रत्येक खोड कापलेलं होतं. काप स्वच्छ, एका झटक्यात केलेला. "एकही सोडली नाही. कातर घ्यायला आली आणि जाता जाता वापरून गेली."

"कोण?"

"कोण काय आत्या! आपली धाकटी. शुक्रवारी भांडून गेली. जाताना सगळ्यांसमोर म्हणाली, आग लागो तुझ्या पॉलीहाऊसला. काल रविवारी संध्याकाळी सामान न्यायला आली, इथं दारात उभी होती. रखवालदारानं बघितलंय. आज सकाळी हे असं."

"तू काल आत आला होतास?"

"मी? सुट्टीच्या दिवशी मी आत पाऊल टाकत नाही. वेलींचं खातं तिचं, पंप आणि विक्री माझी, हे तुला माहीतच आहे. आणि पंपही शनिवारपासून दुरुस्तीला गेलाय. ठिबक टाकीच्या उतारावर चाललंय."

आत्यानं पुन्हा त्या कापांकडे बघितलं. तो पुढं म्हणाला, "बाबांना अजून सांगितलेलं नाही. तूच सांग. आमचं ऐकणार नाहीत, तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत."

इथंच खरी गोम होती. दादा आत्याचे मोठे भाऊ. ही ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती, आणि ती लावून झाल्यावर आठवड्याभरातच न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत खाटेवर होते. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न त्या ओळीचा. आणि दादांचा स्वभाव असा की एकदा दार बंद म्हणाले की बंद. मधल्या भावाशी ते कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलेनासे झाले, ते तो जाईपर्यंत बोलले नाहीत. दोघांमधले निरोप आत्यानंच पोचवले होते. आज तिनं "तुझ्या लेकीनं कापल्या" एवढं म्हटलं असतं, तर त्या मुलीला या घराचा उंबरा पुन्हा दिसला नसता.

"जेवायच्या आधी सांगते," आत्या म्हणाली. "तोवर कुणी दादांच्या खोलीत गेलं तर तंगडं मोडीन."

ती खाली बसली आणि कापलेल्या खोडाचं जमिनीकडचं टोक बोटानं चाचपलं. बोट ओलं झालं. कापावर पाण्याचा टपोरा थेंब उभा होता.

२

रखवालदार फाटकाशेजारच्या खोलीबाहेर बसून रेडिओची बॅटरी उन्हात तापवत होता. माणूस सरळ होता, पण सरळ माणसाला विचारलं तेवढंच सांगायची सवय असते.

"धाकट्या ताई आल्या होत्या बाई. दिवस कलला होता. पॉलीहाऊसचं दार उघडलं, दारातल्या खुंटीवरनं कातर आणि एप्रन घेतला. मग तिथंच उभ्या राहिल्या, आत बघत."

"आत गेली?"

"नाही. उंबऱ्यावरच होत्या. मला इथनं दार स्पष्ट दिसतं. फोनवर काहीतरी बोलल्या आणि निघाल्या."

"वाकली होती का?"

"आता वाकल्या असतील तर... पाठमोऱ्या होत्या. मी काही टक लावून बघत नव्हतो." त्यानं कानाला हात लावला. "थोरल्या साहेबांनी विचारलं, होती का ती दाराशी. मी म्हटलं होती. तेवढंच."

"घरात गेली?"

"अजिबात नाही. दारातून थेट फाटकाकडे. दार तसंच उघडं टाकून गेल्या, म्हणून मग साहेब येऊन कडी लावून गेले."

"आणि दुपारी? कुणी आलं-गेलं?"

"कोण येणार दुपारी! सूनबाई सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या. पंपाची घरघर चालली होती मागं, तिच्या नादात मलाही जरा डोळा लागला."

पंपाची घरघर. आत्यानं भुवया उंचावल्या आणि ती फाटकाकडे वळली.

फाटकातच औषधवाला भेटला. नाव सल्लागार, धंदा बाटल्या विकायचा. पिकाला काहीही झालं तरी याच्या पिशवीत त्याच्यावर बाटली असे. थोरल्यानं त्यालाही बोलावून घेतलं होतं. तो रविवारी परगावी होता, बसची तिकिटं काढून दाखवायला लागला, तेव्हा आत्यानं त्याला थांबवलं.

"तिकिटं राहू द्या. काप बघितलात?"

"बघितला ना. धारदार कातरीचा काप आहे. आणि खालच्या टोकाला पाणी येतंय, म्हणजे मुळं शाबूत आहेत, वेल धडधाकट असताना कापलीय. रोग नाही, बुरशी नाही." त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू का आत्याबाई? वाईट झालं, पण वाईटातून चांगलं बघावं. वेली म्हाताऱ्या झाल्याच होत्या. मी कधीपासून सांगतोय, काढा ही ओळ, नवीन रोपं देतो. फक्त आजोबांच्या हट्टापायी..."

"तुमच्या रोपांसाठी कुणी माझ्या भावाची ओळ कापली असेल, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे छे! भलतंच काय!" म्हणत त्यानं पिशवी उचलली आणि घाईनं वाट धरली.

घरात सूनबाई, थोरल्याची बायको, धुमसत होती. पॉलीहाऊसकडे ती फिरकत नसे. टोमॅटोच्या पानांचा वास लागला की तिच्या अंगावर पुरळ उठे, हे सगळ्या घराला माहीत होतं. आत्या न्हाणीघरात हात धुवायला गेली. वेलींना हात लावल्यामुळे बोटांना काळपट हिरवा चिकटा बसला होता. साबण लावला आणि फेस पिवळाधमक झाला.

"आत्याबाई, त्या टॉवेलाला पुसू नका!" सूनबाई बाहेरून ओरडली. "तो आधीच वाया गेलाय. शनिवारी पांढराशुभ्र धुऊन ठेवलेला टॉवेल. काल रात्री बहिणीकडनं आले तर हळद फासल्यासारखा. वन्संनीच पुसले हात, दुसरं कोण? जाता जाता माझा टॉवेलसुद्धा सोडला नाही."

टॉवेलावर दोन पंजे उमटल्यासारखे पिवळे डाग होते. वेलीचा चिकटाच तो, दुसऱ्या कशाचा असा रंग येत नाही.

आत्या टॉवेल हातात धरून उभी राहिली. धाकटी काल घरात आलीच नव्हती. मग हे हात कुणाचे?

३

धाकटी मैत्रिणीच्या घरी, शिवणाच्या मशिनीजवळ एका वेताच्या मोड्यावर बसली होती. आत्याला बघून उठली, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बसली. रडलेली नव्हती. रडली असती तर आत्याला सोपं गेलं असतं.

"वेली कुणी कापल्या?"

"दादा काय म्हणतोय?" धाकटी थोरल्याला दादा म्हणे, वडिलांना बाबा.

"तू."

"मग मीच कापल्या."

"कानफटात देईन," आत्या म्हणाली. "सकाळपासून मी उपाशी हिंडतेय तुझ्यासाठी, आणि तू माझ्यापुढं तोरा मिरवतेस? सरळ सांग."

"काय सांगू? दादानं सांगितलं आणि तू विचारायला आलीस ना? म्हणजे कुठंतरी तुलाही वाटलंच. वहिनीलाही वाटलं. लावल्यापासून त्या वेलींचे बगलेतले फुटवे मी काढले, क्लिपा मी लावल्या, एकेक वेल मी हातानं उतरवली. आणि कापल्या म्हटल्यावर कुणाला एवढंही वाटलं नाही की विचारावं, अगं खरंच का?"

मुलगी बरोबर बोलत होती हे आत्याला कळत होतं. तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि आवाज उतरवला.

"शुक्रवारी भांडण कशावरून झालं? तुझा भाऊ म्हणतो, नेहमीचंच."

"नेहमीचं नव्हतं. मागच्या भिंतीशी गवत माजलंय. त्याला गवत कापायचं यंत्र आत आणायचं होतं. मी म्हटलं, आत नाही. तिथलं गवत हातानं काढायचं, मी काढते दोन दिवसांत. तर म्हणाला, घर तुझं आहे का? मग माझंही तोंड सुटलं."

"आणि रविवारी? दारात उभं राहून कुणाला फोन केलास?"

धाकटीनं मान वर केली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रागाशिवाय काहीतरी दिसलं.

"त्यालाच. त्यानं तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"अगं, दारातून बघितलं तर दाराजवळच्या शेंड्यांनी जरा माना टाकल्या होत्या. मेल्या नव्हत्या, नुसत्या मलूल. मला वाटलं ठिबक तुंबलं. म्हणून त्याला फोन केला, की दादा, भांडण आपल्या जागी, पण बाबांच्या ओळीला आत्ताच्या आत्ता पाणी सोड, खालची पानं उतरव, सकाळपर्यंत उभ्या राहतील. तो बरं म्हणाला."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"कुणाला? फोन ज्याला केला त्यालाच माहीत असताना मी आणखी कुणाला पटवत बसू?"

आत्या रस्त्यावर आली तेव्हा तिची कानशिलं तापली होती. कापणारी बाई कापायच्या आधी फोन करून पाणी सोडायला सांगत नाही. पण औषधवाला म्हणाला ते तिनं स्वतःच्या बोटानं पाहिलं होतं. खालचं टोक ओलं होतं. मुळं शाबूत होती, पाणी चढत होतं. मग कुणीही कापण्याच्या आधीच, दिवस कलताना, त्या वेलींनी माना का टाकल्या होत्या?

४

जेवणाची वेळ होत आली होती. आत्या दादांच्या खोलीत गेली. काय सांगायचं ते अजून तिच्याजवळ नव्हतं, पण दादांना खोटं बोलून टाळणं तिला लहानपणापासून जमलं नव्हतं.

"तोंड का असं?" दादांनी उशीवरून विचारलं.

"तुझ्या ओळीतल्या काही वेली गेल्या."

दादांचा हात पांघरुणावर थांबला. "कुठल्या?"

"दाराजवळच्या."

"म्हणजे मागच्या भिंतीच्या."

"दादा, दाराजवळच्या. मी डोळ्यांनी बघून आले."

"तू शेंडे बघून आलीस," दादा चिडून म्हणाले. "उभा जन्म उघड्या रानात घालवलास, तुला पॉलीहाऊसमधलं काय कळणार! इथं वेल तारेला पोचली की तिला खाली उतरवायची आणि दोरीसकट दाराच्या दिशेनं थोडी सरकवायची. पुन्हा वाढली, पुन्हा उतरवायची, पुन्हा सरकवायची. उघडं खोड जमिनीवर आडवं पडत जातं आणि शेंडा पुढं पुढं जातो. वेली चालतात, बाई. आता हंगाम सरत आलाय. दाराशी जे शेंडे आहेत त्यांची मुळं मी मागच्या भिंतीशी लावलीत. दाराशी लावलेल्या केव्हाच वळसा घालून पलीकडच्या रांगेत गेल्या."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. तिला स्वतःचाच इतका राग आला की क्षणभर भाच्याचाही विसर पडला. सकाळी ती कापाशी बसली, बोट लावलं, आणि ते खोड पुढं कुठं जातं हे मान वळवून बघितलं नाही! गुरांनी खाल्लेल्या ज्वारीच्या धाटावर तास तास काढणारी बाई, आणि इथं कुणीतरी बोट दाखवलं तिथंच बघत बसली.

"मुळं मेली का?" दादा विचारत होते. "अगं, कुणी काय केलंय त्यांना?"

"आलेच," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवायलासुद्धा थांबली नाही.

५

आडव्या खोडांचा जुडगा दारापासून वाफ्याच्या कडेनं मागं मागं जात होता. दोरखंडाएवढी जाड, पानं नसलेली, तपकिरी पडलेली खोडं. माहीत नसलेल्याला वाटावं, वाळका कचरा आहे. आत्या अनवाणी, वाकून, एकेक खोड हातानं सोडवत निघाली.

मध्यावर तिचा हात अडकला. खोड जमिनीला चिकटलं होतं. तिनं हलकेच माती बाजूला केली. ओल्या मातीवर पडून पडून खोडाला खालून पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या, आणि त्या मातीत शिरल्या होत्या. तिनं पुढचं खोड पाहिलं, त्याच्या पुढचं. जवळजवळ सगळ्यांना होत्या. मग उठली आणि मागच्या भिंतीशी गेली.

तिथं वाफ्यावर रिकाम्या क्रेटांची चळत रचलेली होती. खोडं तिच्याखाली शिरत होती. भाजी भरायची खोली भिंतीपलीकडेच होती, अर्धी रिकामी. लावलेल्या वाफ्यावर कोण शहाणा क्रेट रचतो?

आत्यानं एकेक क्रेट उचलून फेकला. आवाज ऐकून रखवालदार धावत आला आणि तिचा अवतार बघून दारातच थबकला.

क्रेटांखाली गवत नव्हतं. भिंतीच्या कडेनं ते बुडाशी छाटलं गेलं होतं, आणि भिंतीच्या पांढऱ्या कापडावर हिरवे शिंतोडे उडून वाळले होते. वेलींची बुडं जमिनीबरोबर होती. एकूणएक तुटलेली. पण हा काप दाराजवळच्या कापासारखा स्वच्छ नव्हता. टोकं चोथा झालेली, धागे निघालेली, सुकून तपकिरी पडलेली.

"तू काल दुपारी पंप ऐकलास ना?" तिनं मागं न बघता विचारलं.

"होय बाई."

"पंप शनिवारपासून दुरुस्तीला गेलाय."

रखवालदार क्रेटांजवळ येऊन वाकला. "मग... मग ते गवत कापायचं यंत्र असेल. त्याचाही आवाज तसाच."

"आणि संध्याकाळी साहेब कडी लावायला आले, ते नुसती कडी लावून गेले?"

"नाही, आत गेले होते बाई. बराच वेळ. पाणी बघत असतील म्हटलं."

"मघाशी का नाही बोललास?"

"तुम्ही धाकट्या ताईंचं विचारलंत," तो बापडा म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. प्रश्नच चुकीच्या माणसाबद्दल होते, आणि ते तिनं विचारले होते.

आत्यानं मूठभर चोथा झालेली टोकं आणि दाराजवळचं एक स्वच्छ कापलेलं खोड घेतलं. न्हाणीघरातून टॉवेल उचलला. मग भाच्याला हाक मारली. तो म्हणाला जेवायला वाढलंय, तेव्हा ती म्हणाली, ताटं झाकून ठेव.

६

दादांच्या खाटेपाशी सूनबाई उभी होती, थोरला खुर्चीच्या पाठीला टेकून होता. आत्या बसली नाही.

"एकेक सांगते. मधे बोलू नका. काल दुपारी सूनबाई घरात नव्हती. रखवालदाराला मागं घरघर ऐकू आली. ती पंपाची नव्हती, गवत कापायच्या यंत्राची होती. शुक्रवारी ज्या यंत्रावरून भांडण झालं तेच. धाकटी गेली, आता कोण अडवतंय म्हणून ते आत आणलं, भिंतीशी गवत छाटायला लागला, आणि गवताबरोबर वेलींची बुडं गेली. ही बघा. यंत्राच्या फिरत्या नायलॉन दोरीनं असाच चोथा होतो. वर क्रेट रचून झाकलं."

"आत्या, तू काय..."

"मधे बोलू नकोस म्हटलं ना! संध्याकाळी धाकटी कातर न्यायला आली. शेंडे मलूल दिसले. आणि तुला फोन केला, की बाबांच्या ओळीला पाणी सोड. हा फोन तू मला सांगितला नाहीस. का? कारण त्याच फोननं तुला कळलं की ती दाराशी उभी आहे, आणि रखवालदारानं तिला बघितलंय. ती गेल्यावर तू आत गेलास आणि दाराजवळ गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळी खोडं पुन्हा कापलीस. भाजी भरायच्या खोलीतल्या दुसऱ्या कातरीनं, स्वच्छ. म्हणजे सगळ्यांनी तिथंच बघावं, मागं कुणी जाऊ नये. आणि मी तिथंच बघितलं. मी!" तिनं टॉवेल खाटेवर टाकला. "हात धुऊन ह्याला पुसलेस. वेलीचा चिकटा आहे. सूनबाई पॉलीहाऊसमध्ये पाय ठेवत नाही, धाकटी काल घरात आली नाही, आणि तू तर म्हणतोस तू आत पाऊल टाकलं नाहीस."

सूनबाईनं टॉवेलाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "तुम्ही माझ्यासमोर वन्संना शिव्या घातल्यात," ती म्हणाली. "आणि मलाही घालू दिल्यात."

थोरला खुर्चीवर बसला. "चूक झाली," तो म्हणाला. "बाबा, गवतात बुडं दिसलीच नाहीत. एका फेरीत सगळी गेली. मी काय तोंड दाखवणार होतो तिला? ती म्हणालीच होती, यंत्र नको. जन्मभर ऐकवलं असतं तिनं. वेली तर मेल्याच होत्या ना! मेलेल्या वेली दोनदा कापून कुणाचं काय जास्त गेलं?"

दादा बहिणीकडे बघत होते.

"हेच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं," आत्या म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्या मेल्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"दाराजवळच्या कापावर सकाळी पाणी उभं होतं. बुडं तर दुपारीच तुटलेली, मग पाणी आलं कुठून? खोडं ओल्या मातीवर पडून मध्येच मुळ्या फुटल्यात. तू बुडं उडवलीस तरी त्या मुळ्यांवर वेली तग धरून होत्या. नुसत्या मलूल झाल्या, एवढंच. पाणी सोडलं असतं, खालची पानं उतरवली असती, तर आज सकाळी उभ्या असत्या. तुझ्या बहिणीनं फोनवर नेमकं तेच सांगितलं होतं. कापल्यात कशानं हे तिला माहीत नव्हतं, तरी काय करायचं ते तिनं बरोबर सांगितलं. तू तिचं ऐकलं असतंस तर वेली वाचल्या असत्या आणि तुझी चूकही झाकली गेली असती. यंत्रानं नाही मारल्या त्या. तिच्यावर आळ घालायला गेलास ना, त्या कातरीनं मेल्या."

थोरल्याचा चेहरा उतरला. एवढा वेळ तो पकडला गेल्यासारखा दिसत होता. आता तो खरोखर हरल्यासारखा दिसला.

दादांनी भिंतीकडे तोंड केलं. आत्याला ती भिंतीकडे वळलेली पाठ ओळखीची होती. मधल्या भावाच्या वेळीही ती अशीच वळली होती, आणि मग कधी परत वळलीच नाही.

"दादा, इकडे बघ," ती कडाडली. "आज मी तुला कुणाचं दार बंद करू देणार नाही. तिचंही नाही आणि ह्याचंही नाही. एकाला घालवून दुसऱ्याला आणायचं हे मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात. पण ह्यानं फोन करायचा. आत्ता, तुझ्यासमोर. मी निरोप पोचवणार नाही. आयुष्यभर या घराचे निरोप पोचवले, पुरे झालं."

मग दादांनी मान वळवली, आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "लाव फोन. आवाज मोठा ठेव."

थोरल्यानं नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला, पण कुणी हॅलो म्हटलं नाही. शिवणाच्या मशिनीचा आवाज येत होता.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "बाबा इथंच आहेत. वेली मी कापल्या. आधी यंत्रानं, चुकून. मग कातरीनं, तुझं नाव यावं म्हणून. तुझा फोन आला होता, तेही मी लपवलं."

मशिनीचा आवाज थांबला.

"मधल्या खोडांना मुळ्या आहेत," तो पुढं म्हणाला. आत्यानं त्याला हे सांगायला सांगितलं नव्हतं. "सकाळी कापावर पाणी उभं होतं म्हणते आत्या. शेंडे गेले, पण खोडं जिवंत आहेत. त्यांचं काय करायचं ते मला येत नाही."

सूनबाई फोनकडे वाकून बघायला लागली. लागलेला आहे की तुटला, हे तिला कळेना.

"दादा," धाकटी शेवटी म्हणाली, "तुझ्याशी मी बोलणार नाही. किती दिवस ते मला माहीत नाही. फोन बाबांना दे."

थोरल्यानं फोन दादांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला, आवाज मोठा आहे हे विसरून. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही गं. मी म्हणालो असतो, ती नाही कापायची." आणि मग त्यांना पुढं बोलता आलं नाही, खांदे हलायला लागले, तेव्हा सूनबाईनं पुढं होऊन त्यांच्या हाताखाली हात धरला.

"येते मी," फोनमधून आवाज आला. "कुणी त्या खोडांना हात लावू नका. आणि यंत्र मी यायच्या आत बाहेर काढा."

थोरला उठला आणि यंत्र बाहेर काढायला गेला. त्याला थांब म्हणावं असं आत्याला एकदा वाटलं, पण म्हणाली नाही. राग अजून गेला नव्हता, आणि एवढ्यात तो घालवायची तिला घाईही नव्हती. तिनं सूनबाईला सांगितलं, आणखी एक ताट वाढून ठेव.